कुंभारणीच्या घरातली हिरवी

किडा म्हटला की माझा हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. तुडतुडा, फुलकिडा, फळमाशी, सगळ्यांशी माझं वैर. त्यामुळे शमिका ऐन आंब्याच्या तोडीच्या दिवसांत पाठीला पिशवी लावून घरापुढच्या खळ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "दर्शनकाका, मी तीन आठवडे इथे माश्या बघणार आहे," तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, "का गो बाय, डोंबिवलीतल्या माश्या संपल्या काय?"

"गांधीलमाश्या, काका. कॉलेजचा प्रकल्प आहे."

"मग बघ बापडी. चावली तर मात्र माझ्या नावाने बोंब मारू नकोस."

हसलो खरा, पण तिचं येणं मला अवघडच होतं. शमिका ही सागरची मुलगी, आणि सागर माझ्या मामांचा मुलगा. पाच वर्षं त्याने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. दर रविवारी मामांना फोन करतो, माझ्याशी बोलत नाही. मी दरवर्षी पहिली पेटी त्याला धाडतो, तर 'पेटी पोचली' हेसुद्धा मामांनाच कळवतो. आणि नेमकं याच वर्षी मामांनी ठरवलं होतं की मालगुंडच्या वरच्या कातळावरची सगळी कलमं माझ्या नावावर करायची. बक्षीसपत्र वकिलाकडे तयार होतं. मेच्या पहिल्या सोमवारी रत्नागिरीला जाऊन सह्या करायच्या होत्या. सागरला यातलं काही ठाऊक नव्हतं. "त्याला मी सांगेन, वेळ बघून," मामा म्हणाले होते. "तू तोंड उघडू नकोस." आता त्याचीच मुलगी घरात आली, मला काका काका करते, माझ्या हातची पेज खाते, आणि मी गप्प. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

मी या घरात सहाव्या वर्षी आलो. आई वारली, बापाने दुसरं लग्न केलं, त्या घरात माझे हाल बघून महिपतमामा मला खांद्यावर घेऊन आले. मामी, सोनूबाई तिचं नाव, तिने मला दारात बघितलं आणि विचारलं, "जेवलास काय रे?" बस्स, तेवढंच. तेव्हापासून मी इथे आहे. लग्न झालं नाही. बागवाल्याला हल्ली मुलगी कोण देतो? मामी गेल्यापासून घरात मामा आणि मी, दोघंच.

दुसऱ्याच दिवशी शमिका पडवीत नाचायला लागली. विजेच्या मीटरच्या फळीवर कुंभारणीने मातीचं घर केलं होतं. कुंभारीण म्हणजे ती काळी-पिवळी, बारीक कमरेची माशी. माती आणून भिंतीवर मडक्यासारख्या खोल्या करते. चार खोल्या बंद झाल्या होत्या, पाचवीचं काम चाललं होतं.

"काका, हे मोडू नका हां प्लीज!"

"मोडतो कोण? या घरात कुंभारणीचं घर मोडत नाहीत. तुझ्या आजीचा दंडक."

मग मी तिला मामीची गोष्ट सांगितली. मी आलो त्या वर्षी खुंटीच्या वर असंच घर झालं होतं. मी कोपऱ्यात रडत बसायचो. मामीने मला उचलून ते दाखवलं आणि म्हणाली, "बघ, ही कुंभारीण दुसऱ्याची अळी उचलून आणते. मातीच्या खोलीत ठेवते नि बाहेर बसून गुणगुणते. ऐकून ऐकून अळीची कुंभारीण होते. तू तसाच. माझी अळी आहेस तू." मिसरूड फुटेपर्यंत मला अळी म्हणायची ती. सागरही चिडवायचा, ए अळी, ए अळी. मला राग यायचा नाही. उलट छाती फुगायची.

शमिका खो खो हसली. "काका, अळी ती पाळायला नाही आणत, खायला आणते! डंख मारून लुळी करते, मारत नाही, म्हणजे ताजी राहते. खोलीत आपलं अंडं असतं ना, त्यातून पिल्लू निघतं आणि त्या अळ्या खातं. गुणगुण वगैरे काही नसते. ते माती थापतानाचे पंख."

"बरी जिरवलीस," मी म्हटलं आणि आंबे काढायचा झेला उचलून बागेत गेलो. पण दिवसभर डोक्यात तेच. छत्तीस-सदतीस वर्षं ज्या गोष्टीवर मी निजलो ती गोष्टच खोटी. मामीला ठाऊक नसेल, तिला कुठून ठाऊक असणार? तरी मला तिचाच राग आला. मग माझाच आला.

चौथ्या दिवशी भर दुपारी शमिकाने मला खुणेनेच बोलावलं. तोंडावर बोट ठेवून फळीकडे दाखवलं. कुंभारणीच्या घरावर दुसरीच एक माशी फिरत होती. काय रंग सांगू! हिरवा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर मधेच जांभळा. लहानपणी आम्ही काड्यापेटीत सोनकिडे ठेवायचो, तशी लखलखीत. मी म्हटलं, "अगो, ही तर नवरीच!"

"बघत राहा," ती कुजबुजली.

माझ्या हातातली करंडी तशीच राहिली. हिरवी त्या घरावरून फिरत होती, मिशा आपटत, एकेक खोली चाचपत. एका ठिकाणी थांबली. तोंडातून थेंब सोडून माती ओली केली, कुरतडली, भोक पाडलं. मग वळली नि शेपटीचं टोक आत घातलं. तेवढ्यात कुंभारीण आली. आली ती सरळ तुटूनच पडली. आणि हिरवीने काय करावं? पाय पोटाशी घेतले, डोकं शेपटीला लावलं, गोळी झाली. वाटाण्याएवढी हिरवी गोळी. कुंभारीण तिला चावते आहे, डंख मारते आहे, पण पाठ कसली टणक, काही घुसेना. शेवटी कुंभारणीने तिला उचलून खाली टाकली. टप् करून आवाज आला. मला बरं वाटलं. पण कुंभारीण माती आणायला गेली मात्र, हिरवी उलगडली, अंग झटकलं आणि परत वर. उरलेलं काम पुरं केलं, भोक लिंपलं आणि गेली उडून. बाहेरून बघितलं तर खोली जशीच्या तशी.

"हे काय होतं?" मी विचारलं. आवाज माझा मलाच चढलेला वाटला.

"परपोषी माशी. स्वतः घर बांधत नाही. हिचं पिल्लू आतल्या पिल्लाला खातं, मग तिथेच कोश करून झोपतं."

"कोकिळा कावळ्याच्या घरात अंडी घालते तशी."

"तशीच. इंग्रजीत नावच ते आहे हिचं."

"आणि कुंभारणीला कळत नाही?"

"ती खोली बंद करून जाते, काका. परत बघायला येतच नाही. स्वतःचं पिल्लूसुद्धा ती कधी बघत नाही."

त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. चहा पुढ्यात गार व्हायचा. कच्ची फळं काढली, मामांनी शिव्या घातल्या. बागेतून उगाच घरी यायचो, फळीसमोर उभा राहायचो, परत जायचो. दिवसातून वीसदा. मामा म्हणाले, "पायाला भिंगरी लागलीय काय तुझ्या?" काय सांगणार? मी मनात हिशेब मांडत होतो. मी आलो तेव्हा सागर आठ वर्षांचा होता. त्याची खिडकीजवळची जागा मला मिळाली, कारण मी रात्री दचकायचो. बाराव्या वर्षी त्याला शिकायला मामीच्या बहिणीकडे मुंबईला पाठवला. हुशार होता म्हणून पाठवला, असं सगळे म्हणतात. एसटी सुटताना तो खिडकीतून हात काढून रडत होता, आणि मी मामीच्या कडेला उभा राहून हात हलवत होतो. त्या संध्याकाळी माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात पडला. मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला होता.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण मधे ते टाळेबंदीचं वर्ष आहे.

मे महिना होता. मामीची छाती भरली होती, डॉक्टर म्हणाले फार दिवस नाहीत. सागर पास काढून, गाडी करून आला. गावाचा नियम होता की मुंबईहून येणाऱ्याने चौदा दिवस शाळेत राहायचं, मग घरी जायचं. वाडीच्या तोंडावर बांबू आडवा घातला होता आणि पहाऱ्याला गावच्या समितीतर्फे मी होतो. सागर गाडीतून उतरला, म्हणाला, "दर्शन, आईला बघून लगेच शाळेत जातो." मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा." तो शाळेत गेला. नवव्या दिवशी मामी गेली. मुलगा विलगीकरणात, थांबायचं कोणासाठी? लोक म्हणाले, दर्शन, तूच दे अग्नी, तूही मुलगाच. स्मशानाची वाट शाळेवरून जाते. सागर ओट्यावर हात जोडून उभा होता. मी मडकं धरून पुढे होतो आणि मान वर केली नाही. उरलेले पाच दिवस काढून तो शाळेतूनच परत गेला. तेव्हापासून तो आला नाही.

हे सगळं पोटात घेऊन मी हिंडत होतो आणि शमिका रोज वहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटायला लागलं, हिला सगळं माहीत आहे. बापाने सांगून धाडली आहे. माश्यांचं नुसतं निमित्त, सुनवायचंय मला. एका सकाळी ती मामांना सांगत होती, "आजोबा, हिरवीचं पिल्लू एवढं खातं ना, की मूळ पिल्लाचं काही उरतच नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोयती घेतली आणि फळीपाशी गेलो. घर खरवडून टाकणार होतो.

"काका! काय करताय?" ती मधे आली. माझा हातच धरला पोरीने.

"सरक. रोज रोज टोमणे ऐकायला मी काय दगड आहे? सांग तुझ्या बापाला, होय, आहे मी उपरा! खाल्लं मी त्याच्या ताटातलं! कलमं मी मागितलेली नाहीत, तुझा आजोबा देतोय! सोमवारी सह्या आहेत, ये म्हणावं अडवायला!"

ती बघतच राहिली. डोळ्यांत पाणी. "कसली कलमं, काका? मला काहीच माहीत नाही. मी फक्त माश्या बघायला आलेय."

मामा झोपाळ्यावरून उठले, जागीच उभे राहिले. "दर्शन्या," म्हणाले, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, माझंच चुकलं." आणि आत गेले. कोयती माझ्या हातात तशीच. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. कुंभारणीचं घर मोडलं नाही, पण बाकी मोडायचं राहिलं काय होतं?

शमिकाने बापाला फोन केला. मी खळ्यात उभा राहून ऐकत होतो, ऐकू येत नव्हतं. बाहेर येऊन म्हणाली, "बाबांनी एवढंच विचारलं, सोमवारी किती वाजता."

"आणि?"

"आणि ठेवला."

रविवारी त्या घरातली पहिली खोली उघडली. शमिका धावत आली, "काका, कुंभारीण निघाली! साधी, काळी-पिवळी." मी विचारलं, "आणि बाकीच्या खोल्या?" म्हणाली, "ते आत्ता नाही सांगता येणार. महिनासुद्धा लागेल." मग थोडं थांबून म्हणाली, "काका, माशीला आपण कुणाचं खातो ते माहीत नसतं. तिला वाईट नका म्हणू." ती माशीबद्दलच बोलत होती. मी मान डोलावली. ठरवून टाकलं होतं मी. सही करायची नाही. कलमं सागरची, त्याला देऊन टाकायची आणि मोकळं व्हायचं. ठरवलं तरी मोकळं काही वाटत नव्हतं.

सोमवारी मामांना घेऊन आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला गेलो. नोंदणीच्या हापिसाच्या आवारात गर्दी होती. मामांना बाकावर बसवलं आणि वळलो तर पायरीपाशी सागर. केस पांढरे झालेले, खांद्याला पिशवी, रात्रभर प्रवास करून आलेला. मामांच्या पाया पडला. माझ्याकडे बघून म्हणाला, "साक्षीदार लागतो ना? मी करतो सही."

मी त्याला ओढतच आवारातल्या आंब्याखाली नेलं. म्हटलं, "मी सही करणार नाही. तुझं आहे, तू घे. लहानपणापासून तुझंच खात आलोय, आता पुरे."

"काय खाल्लंस माझं?"

"जागा. ताट. सगळंच."

"मेल्या, सहा वर्षांचं पोर होतास तू," सागर म्हणाला. "ताटाचं काय घेऊन बसलास? आणि कलमं मी मागायला आलो का कधी? ती तू वाढवलीस. पंचवीस वर्षं तू पंप मारलास. ती घ्यायला लाजतोस, आणि ज्याची लाज वाटायला हवी..." तो वळून रस्त्याकडे बघत राहिला.

तिथे माझा बांध फुटला. इतकी वर्षं त्या हिरव्या माशीसारखा गोळी होऊन बसलो होतो, कुठूनही काही आत घुसू दिलं नव्हतं. म्हटलं, "सागर, ऐक. त्या दिवशी तुला गावाने अडवलं नाही. सरपंचांनी माझ्यावर सोडलं होतं. म्हणाले, तुमच्या घरातली बाब, दर्शन, तू म्हणशील तसं. पाच मिनिटं लांबून बघू दिलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. मीच नको म्हटलं. नियमाचं नुसतं नाव घेतलं. मामी शेवटी मला एकट्याला हवी होती."

सागरचा चेहरा उतरत गेला. "मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी समजत होतो गावाचा नियम. मला राग एवढाच होता की शाळेवरून जाताना तू एकदा वर बघितलं नाहीस."

म्हणजे मी स्वतःच्या हाताने खड्डा आणखी खोल केला होता. "चुकलो," म्हटलं. "सागर, मी चुकलो रे. मारायचं तर मार."

त्याने मारलं नाही. आंब्याच्या पारावर बसला आणि तोंडावरून हात फिरवला. हापिसातून नावं पुकारत होते, मामा बाकावरून आमच्याकडे बघत होते. मग सागरने विचारलं, "शेवटी काही बोलली ती?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. "विचारलंन, सागर आला काय. मी म्हटलं, आला. शाळेत आहे ते सांगितलं नाही."

"मग?"

"म्हणाली, त्याला आधी जेवायला वाढ. मग बोला काय ते."

सागर हमसून हमसून रडला. पंचेचाळिशीचा माणूस, हापिसाच्या आवारात, लोक बघतायत. मी शेजारी बसलो. खांद्यावर हात ठेवायची हिंमत झाली नाही. मीही रडत होतो.

मामांचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला, नळावर तोंड धुतलं आणि आधी आत गेला. साक्षीदाराच्या जागी ठळक सही केली. पेन माझ्यापुढे धरलं. मी घेईना. "कर," म्हणाला. "मग घरी जाऊ. मी काल दुपारपासून जेवलेलो नाही."

मी सही केली. मग यंत्रावर अंगठा उठवायचा होता, तो उठेना. आंब्याच्या चिकाने कातडी जळून गुळगुळीत झालेली. कारकून म्हणाला, "पुन्हा करा." पुन्हा केला, तरी नाही. सागर मागून पुढे आला, माझा हात आपल्या हातात घेतला, रुमालाने अंगठा नीट पुसला आणि यंत्र घेईपर्यंत काचेवर दाबून धरला.